चालू मशीनपाशी

दुपारी पावणेदोनच्या सुमाराला घरातलं काहीतरी थांबलं. काय ते मला लगेच कळेना. पडवीत झोपाळ्यावर बसून मी कालचाच पेपर पुन्हा वाचत होतो, पाय फरशीला टेकलेले होते, आणि त्या पायांखालून काहीतरी निघून गेलं. माणसं आवाज झाला की दचकतात, मी आवाज गेला की दचकतो. तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढल्यावर दुसरं काय होणार? कान निम्मे गेले, उजव्या हाताची बोटं हादरे खाऊन खाऊन बधिर झाली, आणि दोन वर्षांपूर्वी कंपनीने हार घालून घरी बसवलं; पण तळपाय अजून शाबूत आहेत. भर समुद्रात इंजिन थांबलं तर झोपलेला खलाशीसुद्धा उठून बसतो. मी बसलेला उभा राहिलो. आत भांडी धुण्याचं मशीन बंद पडलं होतं.

स्वयंपाकघराच्या दारात गेलो तर हेमा मशीनला पाठ लावून पाटावर बसलेली. माझी बायको. तिने मान वर केली आणि म्हणाली, "थांबलं." एवढंच. घाबरून उठली नाही, बटणं दाबून पाहिली नाहीत. कुणी गेल्याची बातमी समोरच्याला आधीच कळलेली असावी आणि आपण ती पुन्हा सांगायला जावं, तसं मला झालं. मी बटणं दाबली. प्लग काढून पुन्हा लावला. मशीनच्या दारावर एक बुक्की मारली. मशीनच्या खालून राखाडी पाण्याचा एक ओघळ निघाला आणि माझ्या अंगठ्यापर्यंत आला. हेमाने फडकं टाकलं.

मशीन मी एकोणऐंशी साली हॅम्बुर्गहून आणलं. त्याच्या आदल्या रजेत एक बारीकशी गोष्ट घडली होती. मी निघायच्या दिवशी हेमा माझे टेरिलीनचे शर्ट घडी करून बॅगेत भरत होती आणि प्रत्येक घडीला एक चर्रकन आवाज येत होता. पाहिलं तर तिच्या बोटांची टोकं कापडात अडकत होती. राख, काथ्या आणि विहिरीचं पाणी यांनी बोटांना अशा चिरा पडल्या होत्या की कापडाचा धागा ओढून निघायचा. ती म्हणाली, "तुमचा शर्ट खराब होतोय, तुम्हीच भरा." मी भरले. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की काहीतरी विकत घ्यायचं, ही आम्हा जहाजावरच्या लोकांची जुनी सवय. मशीन मुंबईला उतरलं, मग आंबे टाकून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून पेंढ्यात बसून रत्नागिरीला आलं. आळीतली माणसं आठवडाभर बघायला येत होती. मी दार उघडून आतल्या जाळ्या सरकवून दाखवायचो, फिरणारा पाइप बोटाने फिरवून दाखवायचो. छाती फुगायची. हेमाला मी एकच नियम सांगितला होता, इंजिनरूममधला पहिला नियम: चालू मशीन एकटं सोडायचं नाही. सुरू केलं की बंद होईपर्यंत शेजारी बसायचं. आणि घरच्यांना बजावलं, मशीन चालू असताना हिला कुणी उठवायचं नाही.

वर्षातले नऊ महिने मी पाण्यावर. हिच्या बाळंतपणाला नव्हतो, वडील गेले तेव्हा नव्हतो, मुलीच्या लग्नाला मांडव पडायच्या आदल्या दिवशी पोचलो. खाती मी मनात खूप वेळा उघडली आहेत आणि दरवेळी माझ्या जमेला एकच नोंद सापडली आहे: मशीन. रात्रपाळीला इंजिनच्या उकाड्यात उभा असताना मी हिशेब लावायचो की आता घरी जेवणं झाली असतील, मशीन लागलं असेल, हिचे हात कोरडे असतील. हे कोरडे हात मी हजारो मैलांवरून मनात धरून होतो. म्हणून ते बंद पडल्यावर मला जे वाटलं ते एका यंत्राबद्दल वाटण्याच्या मानाने फार जास्त होतं. हे गेलं तर माझ्याकडे दाखवायला काय राहिलं?

आता ठरवायचं होतं. माझा पुतण्या श्रीपती, ज्याला मीच जहाजावर चिकटवला, मंगळवारी मुंबईला जाऊन बोटीवर चढणार होता, आणि बोट हॅम्बुर्गला लागणार होती. तो सायकलवरून उतरायच्या आधीच म्हणाला, "दत्तूकाका, दुरुस्तीच्या नादाला लागू नका. नऊ वर्षं चाललं, खूप झालं. मंगळवारपर्यंत सांगा, नवीन घेऊन येतो." पलीकडच्या घरच्यांनी वेगळंच सुचवलं: मशीनबिशीन सोडा, आळीत भांडी घासणारी गोदा येते का बघा. तिसरी वाट दुरुस्तीची. एके काळी मी सहा सिलिंडरचं इंजिन समुद्रात खोलून पुन्हा बसवलं आहे. त्या संध्याकाळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मशीनमागे बसलो आणि पहिलाच स्क्रू बोटांतून निसटून फरशीवर कुठेतरी गेला. बोटांत स्क्रू आहे की नाही हेच मला डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नव्हतं. हेमाने तो शोधून माझ्या तळव्यावर ठेवला. मी हात टेकले. शनिवारपर्यंत मी तिला चार वेळा विचारलं, तुला काय वाटतं, नवीन आणू की दुरुस्त करू? चारही वेळा ती म्हणाली, "तुम्ही बघा." आणि दुपारी जेवणं आटोपली की ती जाऊन त्या बंद मशीनपाशी पाटावर बसायची, पण मिनिटभरच, मी कशालातरी हाक मारायचो आणि ती उठायची.

रविवारी सकाळी हरिश्चंद्र आला. लोट्याला एका केमिकल कंपनीत फिटर, सुट्टीला घरी आला की आळीतल्या पंपांची आणि फ्रीजची नाडी बघतो. त्याने मशीन भिंतीपासून ओढलं, आडवं पाडलं, खालचा पत्रा काढला आणि टॉर्च मारून बराच वेळ आत पाहत राहिला. मग हात घालून त्याने जे बाहेर काढलं ते मी आधी उंदराचं घरटं समजलो. राखाडी, ओला, घट्ट गोळा.

"काकानू, ह्ये बगा," तो म्हणाला. "जल्ला काथ्या हाय सगला. आनि ही राख. तुमी ह्येच्यात भांडी घालीत हुतात का चूल?"

"राख कुठून येईल?" मी म्हणालो. माझा आवाज चढला; तो तसा नेहमीच चढलेला असतो, बहिऱ्याला दुसरा आवाज नसतो. "याच्यात पावडर घालतात. मी डबे आणून दिलेत."

"ते तुमी वैनीस्नी इचारा. मी सांगतो ते येवडंच, राखेनं शाफ्टाची सील खाल्ली. पंखा झिजून नख झालाय. मोटार चांगली हाय, पन पंप खलास. ह्यो पार्ट आपल्याकडं मिलायचा नाय. दुसरा कायतरी बशीवला तर पानी गलनार." तो गोळा त्याने पेपरवर ठेवला आणि संध्याकाळी पत्रा बसवायला येतो म्हणून चहा न घेता गेला.

मी तो पेपर तसाच उचलून मागीलदारी गेलो. आता हे सांगायला हवं की जेवण झाल्यावर मी मागीलदारी कधी जात नाही. जेवलो की पडवी, पडवीत झोपाळा, ही माझी रजेतली वाट आणि निवृत्तीनंतरही तीच. भांड्यांचा आवाज येत असेलही, माझ्या कानांपर्यंत तो पोचत नव्हता. हेमा विहिरीकडच्या दगडावर बसली होती. तिच्याभोवती सकाळची भांडी, एका करवंटीत राख, हातात काथ्याचा चोथा. ती पातेलं घासत होती. मशीन बंद आहे म्हणून घासते आहे असं समजायला माझी काही हरकत नव्हती, पण दगड बसून बसून गुळगुळीत झाला होता, आणि करवंटी ठेवायला चिऱ्यात एक खोबण होती, ती तीन दिवसांत पडत नाही.

"तू रोज घासतेस?"

तिने माझ्या हातातल्या पेपरकडे पाहिलं. "हो."

"आणि मग मशीनमध्ये घालतेस?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"आई काय म्हणाल्या होत्या ते तुम्हाला आठवत नाही? तुम्ही होतात की तेव्हा."

मला आठवलं. आई दारात उभी राहून म्हणाली होती, उष्टं खरकटं कपाटात कोंडून ठेवायचं? देवापासून दहा पावलांवर? मी हसलो होतो. दोन दिवसांनी माझी रजा संपली. पुढचं हेमाने एकटीने निस्तरलं. खरकटं मागीलदारी निघालं पाहिजे हा आईचा हट्ट, आणि मशीन वापरलं पाहिजे हा माझा. तेव्हा आधी बाहेर घासायची, मग आत आणून मशीनला द्यायची. दोघांचंही राहिलं. नऊ वर्षं ही बाई रोज दोनदा भांडी धूत होती आणि मी हॅम्बुर्ग, रॉटरडॅम, कोबे करत तिच्या कोरड्या हातांची चित्रं काढत होतो.

"मग हे मशीन काय करत होतं?"

"विसळत होतं," ती म्हणाली.

"आणि पावडर?"

"पहिले दोन डबे वापरले. बाकीचे माळ्यावर आहेत. घासलेल्या भांड्यांना पावडर कशाला?"

"अगं, मग मला सांगायचं!"

"कधी सांगायचं? तुम्ही यायचात आणि माणसं बोलावून मशीन दाखवायचात. किती खूश असायचात." तिने पातेलं उलटं ठेवलं. "राहून गेलं."

आई जाऊन चार वर्षं झाली होती. त्यानंतर का नाही थांबवलंस, हे मी विचारलं नाही. मला तिच्यावर रागवायचं होतं आणि राग लावायला जागा सापडत नव्हती. काहीतरी करायला हवं म्हणून मी धोतर सावरून तिच्या समोर बसलो, करवंटीतली राख घेतली आणि कढई ओढली. आयुष्यात पहिल्यांदा. बोटांना कढई लागते आहे की नाही कळत नव्हतं, नुसताच हात फिरवत होतो. ती बघत राहिली. मी कढई विसळून ठेवली तशी तिने ती उचलली, कडेला राहिलेलं तेल अंगठ्याने पाहिलं आणि पुन्हा घासायला घेतली. मला तिथून उठताही येईना. उठायला तिने हात दिला आणि तिची बोटं माझ्या बाहीत अडकली. चर्रकन आवाज मला आला नाही, पण धागा निघालेला दिसला. हे गेली दोन वर्षं मला दिसत होतं. वयाने होत असेल, असं मी धरून चाललो होतो.

"बास," मी म्हणालो. "श्रीपतीला सांगतो, नवीन आणेल. आता आई नाही, कुणी नाही. भांडी उचलायची आणि तशीच्या तशी आत टाकायची. नाहीतर गोदाला बोलावतो. तू राखेला हात लावायचा नाही."

"नको."

"काय नको? मशीन की गोदा?"

"नवीन नको, त्याला जवळ बसावं लागणार नाही. श्रीपती सांगत होता, आताची मशीनं काही बिघडलं की आपोआप बंद होतात, आवाजसुद्धा करत नाहीत." ती पदराला हात पुसत होती, फार वेळ पुसत होती. "हेच दुरुस्त होत असेल तर करा."

"यात काय आहे? राखेने भरलेला खोका आहे हा!"

ती विहिरीकडे बघत म्हणाली, "मशीन चालू असलं की तुम्ही हाक मारत नाही."

मला आधी ते शब्द नीट ऐकू आले नाहीत असं वाटलं. पण आले होते.

"आईसुद्धा मारायच्या नाहीत," ती म्हणाली. "त्या भ्यायच्या मशीनला. तुम्हीच सांगितलं होतंत ना, हिला उठवायचं नाही म्हणून. पाऊण तास. कुणी नाही मारायचं हाक."

"आणि तू काय करायचीस?"

"काही नाही. बसायचे." पाटीत भांडी भरत म्हणाली, "पाठीला ऊब लागते. गुहागरला लहान असताना मला रहाटावर बसवायचे, बैलाकडे बघायला. रहाट चालू असला की घरातून कुणी हाक मारत नसे, बैल थांबेल म्हणून. तसंच वाटायचं."

तेवढं बोलून ती भांड्यांची पाटी घेऊन आत गेली. मी दगडावर बसून राहिलो. लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि ती रहाटावर बसायची हे मला आज कळत होतं. मी दोन वर्षांतल्या माझ्या हाका आठवायला लागलो. हेमा, पाणी. हेमा, चष्मा. हेमा, पोस्टमन आला वाटतं. हेमा, हे बघ काय छापलंय. हेमा, कुठे आहेस? जहाजावर मला हाक मारायला कुणी नव्हतं, घंटा होत्या. घरी आल्यावर मला हाक मारायची चैन मिळाली आणि मी ती दिवसभर केली. तिला मी दिलेली वस्तू मशीन नव्हतीच. इंजिनरूमचा एक नियम मी सहज बोलून गेलो होतो, तेवढाच तिच्या उपयोगाला आला.

मग माझ्या मनात आलं, यात अवघड काय आहे? यासाठी मशीन कशाला हवं? पाऊण तास गप्प बसायचं. मी शहाणा माणूस आहे, तीस माणसांची इंजिनरूम सांभाळली आहे. जेवणं झाल्यावर मी तिला म्हणालो, "तू जाऊन बस. पावणेदोन ते अडीच. मी हाक मारणार नाही. मशीनची गरज नाही." ती जराशी हसली. जाऊन बसली. आडवं पाडलेलं मशीन उघड्या पोटाने तसंच होतं, ती भिंतीला टेकून बसली. मी पडवीत घड्याळासमोर बसलो. घर इतकं शांत होतं की माझ्या पायांना कुठे टेकावं कळेना. पाच मिनिटं गेली. माडावरून एक झावळी सुटली आणि अंगणात पडली. सात मिनिटं. मी विचार करत होतो की श्रीपतीला काय सांगायचं, आणि गुहागरच्या त्या घरात आता रहाट आहे का, की पंप बसवला, मेव्हण्याने मागे काहीतरी लिहिलं होतं खरं, आणि मी म्हणालो, "हेमा, गुहागरला आता पंप आहे ना गं?"

तीन घरं पलीकडे ऐकू जाईल असा माझा आवाज. घड्याळात एक वाजून चोपन्न मिनिटं झाली होती.

"आले," आतून आवाज आला. गुडघ्यावर हात टेकून ती उठली असणार, कारण यायला वेळ लागला. दारात येऊन म्हणाली, "हो, पंप आहे. चहा ठेवू का?" चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आपण नऊ मिनिटंसुद्धा गप्प राहू शकत नाही, हे तिला आधीपासून माहीत होतं, आणि ते तिला माहीत आहे हे मला आत्ता कळलं. मला रडायला आलं. मी पेपर तोंडापुढे धरला आणि म्हणालो, "ठेव."

संध्याकाळी हरिश्चंद्र आला तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. मोटार चांगली आहे म्हणालास ना? मग पाणी तोडून टाक. पंप काढ. नुसती मोटार चालली पाहिजे, पाऊण तासाच्या घड्याळावर, पहिल्यासारखी.

"पान्याशिवाय?" तो म्हणाला. "काकानू, भांडी धुयाची नाय ती, मग चालवायची कशाला?"

"चालू दे."

"हीटर काडावा लागंल. पान्याबिगर पेटंल तो."

म्हणजे ऊब गेली. मी हेमाकडे पाहिलं. ती चुलीजवळ उभी होती, सगळं ऐकत होती. "आवाज येईल?" तिने विचारलं. हरिश्चंद्र म्हणाला, आवाज तर ज्यास्तीच येईल. तिने मान हलवली आणि कांदा चिरायला घेतला. त्याने इकडची वायर तिकडे जोडली, पत्रा बसवला, मशीन उभं केलं, आणि जाताना माझ्याकडे असा पाहत गेला, जणू म्हातारबुवांचं काहीतरी बिनसलंय. श्रीपतीला मी सोमवारी सकाळीच जाऊन सांगितलं, नवीन नको, जुनं झालं दुरुस्त. गोदाचंही विचारून पाहिलं. तिच्याकडे आधीच सहा घरं होती, तिने दिवाळीनंतरचं सांगितलं.

सोमवारी जेवणं झाली. हेमाने मागीलदारी भांडी घासली, विसळली, आणून फळीवर पालथी घातली. मशीनमध्ये तिने काहीच ठेवलं नाही. रिकाम्या मशीनचं दार लावलं, बटण दाबलं, पाट सरकवून पाठ टेकली. ती घरघर फरशीतून पडवीत आली आणि माझ्या तळपायांना लागली. एक पस्तीसला मला तहान लागली. पाण्याचा तांब्या आत, तिच्या डोक्यावरच्या फळीवर होता. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि तोंड मिटून बसलो. मशीन चालू होतं.